ग्रेट सर्कल मॅपर: मुंबई–लंडनचं अंतर त्याला विचारलं, वेळ मात्र स्वतः काढली

मी एकतीस वर्षं कराडच्या शाळेत भूगोल शिकवला. शाळेच्या कपाटात एक जुना पृथ्वीगोल होता. अंटार्क्टिकावरचा कागद फाटलेला, बाकी ठणठणीत. दर वर्षी आठवीच्या वर्गात एक प्रयोग ठरलेला असायचा. दोघांनी गोल धरायचा, तिसऱ्यानं शिवणाचा दोरा मुंबईवर अंगठ्यानं दाबायचा आणि चौथ्यानं तो लंडनपर्यंत न्यायचा. दोरा ढिला असेपर्यंत अरबस्तानावरून, भूमध्य समुद्रावरून, कुठूनही जातो. ताणला की आपोआप वर सरकतो आणि कॅस्पियन समुद्र, काळा समुद्र गाठतो. त्या क्षणी वर्गात जी शांतता व्हायची, तिच्यासाठी मी तो तास दर वर्षी राखून ठेवायचे.

ग्रेट सर्कल मॅपर हे संकेतस्थळ म्हणजे तोच ताणलेला दोरा आहे, गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट दाखवणारा. फुकट आहे, इंग्रजीत आहे आणि दिसायला अगदी साधं, जुन्या वळणाचं. एका रकान्यात दोन विमानतळांची तीन अक्षरी चिन्हं मध्ये आडवी रेघ देऊन लिहायची. मुंबईचं चिन्ह बीओएम, ते बॉम्बे या नावावरून आलेलं आहे आणि शहराचं नाव बदललं तरी तसंच राहिलं. लंडनच्या हीथ्रोचं एलएचआर. बटण दाबलं की नकाशावर वक्र रेष उमटते, खाली अंतर येतं आणि निघतानाची दिशा अंशांत येते. अंतर ७,२०० किलोमीटरच्या किंचित वर, म्हणजे साधारण ३,८९० सागरी मैल. दिशा ३१९ अंश, म्हणजे जवळजवळ नेमकी वायव्य.

आता उलटं लिहून बघा, लंडन ते मुंबई. अंतर तेच राहतं. दिशा मात्र ९० अंशांच्या आसपास दाखवतो. सरळ पूर्व! मुंबई लंडनच्या दक्षिणेला बत्तीस अक्षांश खाली आहे आणि तरी लंडनहून मुंबईला येणारी सगळ्यात जवळची वाट सूर्य उगवतो त्या दिशेनं सुरू होते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोनदा तपासलं. मग माळ्यावरून आमचा घरचा छोटा गोल काढला, दोरा ताणला. बरोबर होतं. एकतीस वर्षं मुंबईकडून दोरा ताणत आले आणि लंडनच्या टोकाला तो कोणत्या कोनात टेकतो हे एकदाही पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर हे शिकायला मिळालं याचा आनंद मला अजून आहे.

ती रेष कुठून जाते ते सावकाश बघण्यासारखं आहे. मुंबईहून निघून सौराष्ट्रावरून, जामनगरच्या जवळून. मग कराची. तिथून बलुचिस्तान, इराणचं वाळवंट, कॅस्पियनचं दक्षिण टोक. पुढे अझरबैजान, जॉर्जिया, काळ्या समुद्राचा ईशान्य किनारा, क्रिमिया, युक्रेनचा दक्षिण भाग. मग स्लोव्हाकिया, प्रागच्या आसपास झेक प्रदेश, जर्मनी, बेल्जियम आणि लंडन. वर्तमानपत्राचं आंतरराष्ट्रीय पान वाचणाऱ्याला ही यादी पाहूनच कळेल की या रेषेवरून आज विमान जाऊ शकत नाही. पण त्याकडे मी नंतर येते, कारण आधी आमच्यावर काय बेतलं ते सांगायला हवं. त्याशिवाय मी या विषयावर एवढं का लिहितेय ते समजणार नाही.

आमची लेक रेडिंगला राहते, हीथ्रोपासून मोटारीनं पाऊण तासावर. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही दोघं पहिल्यांदा तिच्याकडे गेलो. आमचे हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म वेळापत्रकात गेलेला. त्यांना मधुमेह आहे, चौदा वर्षं. रात्रीच्या जेवणाआधी घ्यायची एक गोळी आहे आणि ती घेतली की जेवायलाच लागतं, नाहीतर साखर उतरते. पश्चिमेला जाताना दिवस साडेपाच तासांनी लांबतो, तेव्हा गोळी कधी घ्यायची हा प्रश्न होताच. त्यासाठी विमान नक्की किती तास हवेत असणार हे ह्यांना पक्कं हवं होतं.

तिकिटावर लिहिलं होतं, मुंबईहून दुपारी १ ला सुटणार, लंडनला संध्याकाळी ५.२० ला पोचणार. आपल्या घड्याळानं रात्रीचे १०.५०, म्हणजे ९ तास ५० मिनिटं. ह्यांचा त्यावर विश्वास बसेना. म्हणाले, "वेळापत्रकात सूट ठेवलेली असते. आम्हीसुद्धा ठेवायचो. खरा वेळ याहून कमी." आणि त्यांनी फोनवर एक अंतर-वेळ काढून देणारं पान शोधलं. तशी पानं पुष्कळ आहेत, ह्यांना मिळालेल्या पानाचं नाव घेत नाही. त्यावर दोन शहरं निवडली की ठळक अक्षरांत 'उड्डाणाचा वेळ' येतो. आला ८ तास २९ मिनिटं. मिनिटांपर्यंतचा आकडा! २९ म्हटलं की कुणीतरी मोजलंय असं वाटतं. 'सुमारे नऊ ते दहा तास' असं लिहिलं असतं तर ह्यांनी तिकीटच प्रमाण धरलं असतं.

ह्यांनी हिशोब मांडला: १ आणि साडेआठ, म्हणजे साडेनऊला उतरलो. तासाभरात बाहेर, पुढे पाऊण तासात लेकीच्या घरी. तिनं पिठलं-भाकरी करून ठेवणार म्हणून सांगितलं होतंच. आठला गोळी घेतली, बरोबर दोन बिस्किटं खाल्ली. विमान सुटायलाच पस्तीस मिनिटं उशीर झाला होता, तो ह्यांनी धरला नव्हता. साडेनऊच्या सुमारास ट्रे आला, थंड सँडविच होतं. मी म्हटलं, "अहो, खाऊन घ्या." म्हणाले, "आता उतरायचंच आहे, घरी जाऊन गरम जेवू." समोरच्या पडद्यावरचं विमान तेव्हा अजून युरोपाच्या मध्यावर होतं.

मग लंडनवर पोचल्यावर विमान गोल गोल फिरायला लागलं. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं. हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत आणि गर्दीच्या वेळी येणाऱ्या विमानांना चार ठरावीक जागांवर घिरट्या घालत रांगेत थांबवतात: बोव्हिंगडन, लँबोर्न, ऑकम आणि बिगिन. एकाच्या वर एक अशी उतरंड लावल्यासारखी विमानं फिरत असतात आणि खालचं गेलं की वरचं एक पायरी उतरतं. आमची पंधरा मिनिटं तिथं गेली. दाराला लागलो तेव्हा ह्यांच्या हातावरच्या घड्याळात ११.२५ झाले होते.

पासपोर्टच्या रांगेत, आपले रात्रीचे बारा वाजून गेल्यावर, ह्यांनी माझा दंड धरला. हात थंडगार आणि ओला होता. कपाळावर घाम. बोलत होते, पण शब्द लागत नव्हते. मी तिथेच फरशीवर पिशवी उघडली. विमानात कॉफीबरोबर मिळालेल्या साखरेच्या चार पुड्या मी सवयीनं पर्समध्ये टाकल्या होत्या, त्या पाण्यात ढवळून पाजल्या. मागच्या एका शीख बाईंनी त्यांच्या नातवाची फळांच्या रसाची पेटी पुढे केली. यंत्रावर साखर ५८ दाखवली. वीस मिनिटांनी ह्यांनी मला विचारलं, "बॅगा कुठल्या पट्ट्यावर येणार?" आणि मी रडायला लागले, कारण तो त्यांचा नेहमीचा आवाज होता.

गोळ्यांचं पुढे आमच्या कराडच्या डॉक्टरांनी नीट बसवून दिलं. ते वेळापत्रक इथे लिहीत नाही, प्रत्येकाची गोळी वेगळी, शरीर वेगळं. आपापल्या डॉक्टरांना तिकीट दाखवूनच विचारा. इन्सुलिन असेल तर तेवढं मात्र सांगते: ते हातातल्या पिशवीतच ठेवायचं, सामानाच्या बॅगेत टाकायचं नाही. विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठू शकतं.

मी घरी आल्यावर एकच गोष्ट शोधायला बसले. ८ तास २९ मिनिटं आली कुठून? हे काही अवघड निघालं नाही. त्या पानावर अंतर होतं ७,२१० किलोमीटर. ७,२१० ला ८५० नं भागा. ८ तास २९ मिनिटं. बस्स, एवढंच! पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन गावांमधलं अंतर घ्यायचं आणि ठरलेल्या वेगानं भागायचं. जातानाचा आणि येतानाचा वेळ तिथे एकच होता, तिथेच मला कळायला हवं होतं. आठवीच्या मुलाला मी पश्चिमी वारे शिकवत आले, आणि लंडनला जाताना-येताना सारखाच वेळ लागतो हे मी मान्य करून बसले होते. दुसरी काही पानं याच भागाकारात अर्धा तास चढ-उतारासाठी मिळवतात. त्यांचा आकडा थोडा बरा येतो, पण वारा त्यांच्याही हिशोबात नसतो.

याच शोधात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला ग्रेट सर्कल मॅपर दाखवलं. मला ते सगळ्यात आवडलं ते एका गोष्टीसाठी. वेळ हवा असेल तर तिथे वेग आपण भरायचा असतो. स्वतःहून तो वेगाचा अंदाज करून 'लंडन अमुक तासांवर' असं छातीठोकपणे सांगत नाही. अंतर ही मोजून सांगता येणारी गोष्ट, ती तो चोख सांगतो. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडे ६,३५७, हा फरकसुद्धा अशा मोजणीत धरता येतो. गोल धरून काढलेल्या अंतरात आणि त्यात अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक पडत नाही. मुंबई–लंडनला तो काही किलोमीटरचाच असतो. म्हणजे अंतरात गडबड नव्हती. ह्यांच्या त्या पानावरचं अंतरसुद्धा बरोबरच होतं. चुकलं ते पुढच्या भागाकारात.

दुसरी खुबी म्हणजे मध्ये हवी तितकी ठिकाणं घालता येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही पुन्हा लंडनला निघालो तेव्हा मला हिचा खरा उपयोग झाला. एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना पाकिस्तानचं आकाश बंद होतं आणि आमचं विमान भारतीय कंपनीचं होतं. युक्रेनवरून तर फेब्रुवारी २०२२ पासून कुणाचंच प्रवासी विमान जात नाही. म्हणजे ताणलेल्या दोऱ्यातलं कराचीही गेलं आणि क्रिमियाही गेला. ओळखीतले सगळे सांगत होते की आता खूप वळसा पडतो, दोन-दोन तास जास्त लागतात. मी बसले आणि ढोबळ मार्ग लिहिला: मुंबई, मस्कत, बगदाद, इस्तंबूल, लंडन. चार तुकडे. आला ७,४५० किलोमीटरच्या आसपास.

म्हणजे वळसा फक्त २४० किलोमीटरचा! कराड–मुंबई रस्त्यानं जितकं आहे तेवढासुद्धा नाही. विमानाला ती पंधरा-सतरा मिनिटांची गोष्ट. मुंबई आधीच समुद्रकाठी आहे, त्यामुळे अरबी समुद्रावरून ओमानकडे निघणं तिला फार आडवाटेचं पडत नाही. दिल्लीहून निघणाऱ्यांना मात्र आधी दक्षिणेकडे समुद्रापर्यंत उतरावं लागतं, त्यांचा फेरा मोठा. खरं विमान माझ्या चार सरळ तुकड्यांवरून जात नाही, ते ठरलेल्या हवाई वाटांनी जातं, तेव्हा याहून थोडं जास्तच धरा. तरी भीती वाटावी असं काही त्यात नव्हतं, आणि लोकांच्या बोलण्यावर न जाता स्वतः मोजून पाहिल्याचं समाधान मोठं होतं.

यात आणखी एक गंमत आहे, ती माझ्या वर्गातल्या मुलांना सांगायची राहून गेली. मर्केटर या नकाशाकाराच्या सपाट नकाशावर मुंबई आणि लंडन यांच्यावर पट्टी ठेवली तर रेष बगदादच्या जवळून, तुर्कस्तानातल्या अदानावरून जाते आणि इस्तंबूलच्या अलीकडे बुर्सापाशी निघते. मुलं हीच रेष 'सरळ' म्हणून काढायची आणि मी दोरा ताणून त्यांना खोडून दाखवायचे. आज विमानं जवळपास त्या पट्टीच्याच वाटेनं जातात. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान, 'मलबार प्रिन्सेस', मुंबईहून लंडनला गेलं तेही कैरो आणि जिनिव्हाला थांबत, म्हणजे दोऱ्याच्या बरंच दक्षिणेकडून. तेव्हाच्या विमानांना एका दमात एवढं जाता येत नव्हतं. आज जाता येतं, पण खालची जमीन जाऊ देत नाही.

तर अंतराचा प्रश्न सुटला. मग वेळ वाढतो तो कशानं? वाऱ्यानं. हिवाळ्यात इराण, इराक आणि आपल्या उत्तर भारतावरून, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहत असतो. विमान नेमकं त्याच उंचीवर उडतं. हवेत त्याचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला आणि समोरून सरासरी ९० चा वारा लागला, तर जमिनीवरून ते ८१० नंच सरकणार. ७,४५० ला ९०० नं भागलं तर सव्वाआठ तास येतात. ८१० नं भागलं तर नऊ तास बारा मिनिटं. सगळा फेरा घालून जेवढा वेळ वाढतो, त्याच्या तिप्पट या वाऱ्यानं वाढतो. आणि परतताना हाच वारा पाठीशी असतो.

वारा रोज बदलतो, तो मी कुठून आणणार? त्यासाठी मी फ्लाइटरडार२४ वापरलं. हे आकाशातली विमानं थेट दाखवणारं संकेतस्थळ बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असतं. विमानं स्वतःची जागा रेडिओवरून सांगत असतात आणि जगभर हौशी लोकांनी आपापल्या गच्चीवर लावलेली यंत्रं ते ऐकून पुढे पाठवतात. तिथे आपल्या विमानाचा क्रमांक टाकला की गेल्या आठवड्यात ते रोज कधी उडालं, कधी टेकलं ते पैसे न भरता बघता येतं. मी निघायच्या आधी सात दिवसांचे आकडे ह्यांच्या वहीत लिहून काढले. सगळ्यात कमी दिवस ९ तास १० मिनिटांचा, सगळ्यात जास्त ९ तास ४५ चा. हा वेळ चाकं जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंतचा असतो, हे विसरायचं नाही. मुंबईला विमान दारापासून हलून धावपट्टीपर्यंत पोचायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. लंडनला टेकल्यावर दारापर्यंत आणखी दहा-पंधरा. सगळं मिळून ९ तास ४० पासून १० तास २५ पर्यंत.

तिकिटावर होतं १० तास १०. ह्यांनी वहीतला आकडा पाहिला, तिकीट पाहिलं आणि म्हणाले, "वेळापत्रक करणारा माणूस हुशार आहे." त्यांच्या तोंडून ही मोठी शाबासकी. तिकिटावरचा वेळ त्या रोजच्या अनुभवावरूनच ठरवलेला असतो, त्यात घिरट्या आणि रांगा धरलेल्या असतात. सूट असते हे ह्यांचं म्हणणं खरंच होतं, फक्त ती सूट आपल्याला खर्चायला दिलेली नसते. मग मी सातांपैकी सगळ्यात लांबलेला दिवस धरला आणि त्यावर जेवणं बसवली. विमानातला दुसरा ट्रे हे रात्रीचं जेवण, लेकीच्या घरचं ते वरचं. पर्समध्ये साखरेच्या पुड्या, राजगिऱ्याची वडी आणि शेंगदाण्याची चिक्की. दुधाचं काही नेलं नाही, तिकडे दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत.

आम्ही पहाटे ३ ला कराडहून निघालो. खंबाटकीत धुकं होतं. नऊच्या सुमारास सहारच्या विमानतळावर पोचलो, सगळे सोपस्कार होऊन बारापर्यंत बसायला जागा मिळाली. विमान १.२० ला हललं. मी खिडकीशी होते. समोरच्या पडद्यावर जमिनीवरचा वेग दाखवत होते. इराकवर तो ७७० पर्यंत खाली आला आणि मी ह्यांना कोपरानं ढोसून दाखवला. "वारा," मी म्हटलं. आपल्या घड्याळानं साडेनऊला ट्रे आला, ह्यांनी गोळी घेतली आणि डाळ-भात शेवटच्या शितापर्यंत संपवला. घिरट्या या वेळी दोनच झाल्या. दाराला लागलो तेव्हा आपले ११.२५, १० तास ५ मिनिटं. पासपोर्ट आणि सामानात सव्वा तास गेला. रेडिंगच्या घराचं दार उघडलं तेव्हा कराडमध्ये रात्रीचे १.२५ झाले होते.

घरापासून घरापर्यंत २२ तास २५ मिनिटं, त्यातले हवेत साडेनऊ. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणूस आहे, गोळ्या आहेत, लहान मूल आहे, त्यांनी हा घरापासूनचा आकडा काढल्याशिवाय निघू नये असं मला कळकळीनं वाटतं. आणि जी पानं नुसता भागाकार करून 'उड्डाणाचा वेळ' म्हणून मिनिटांसकट छापतात, त्यांनी त्या आकड्याखाली एवढं तरी लिहावं की यात वारा धरलेला नाही, वळसा धरलेला नाही, जमिनीवरचं थांबणं धरलेलं नाही. एका ओळीचं काम आहे. ती ओळ असती तर ह्यांनी ते सँडविच खाल्लं असतं.

ग्रेट सर्कल मॅपरला माझ्याकडून अंतरासाठी आणि दिशेसाठी पूर्ण गुण. भूगोलाच्या शिक्षकांनी तर वर्गात ते लावावंच, पण आधी दोरा आणि गोल, मग ते. बोटाला दोरा सरकल्याचं कळलं पाहिजे. ज्यांना चिन्हं माहीत नाहीत त्यांच्यासाठी: पुण्याचं पीएनक्यू, नागपूरचं एनएजी. पुणे–नागपूर लिहून बघा, सहाशे किलोमीटरच्या थोडं वर येतं. मुंबईहून नागपूर ६८० च्या घरात. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे, म्हणजे तो रस्ता ताणलेल्या दोऱ्याच्या किती जवळून काढलाय ते बघा. रेल्वेनं हेच ८३७ पडतं.

जानेवारीत परत आलो. निघायच्या आदल्या संध्याकाळी नातवाच्या गोलावर मी लोकरीचा धागा ताणला आणि त्याला विचारलं, आजी कुठल्या बाजूला जाणार? तो सहा वर्षांचा आहे. त्यानं खिडकीबाहेर, शेजाऱ्यांच्या चिमणीकडे बोट केलं. मी फोनवरचं होकायंत्र लावून पाहिलं, चिमणी पूर्वेलाच होती. दुसऱ्या रात्री वारा पाठीशी होता, पडद्यावर वेग १,००० च्या वर गेला. मुंबईत दार उघडायची वाट बघत सगळे उभे असताना ह्यांनी खिशातून वही काढली, उभ्या उभ्याच लिहिलं: 'लंडन–मुंबई, ८ तास ४० मि., वेळेआधी १२ मि.' आणि खाली सही केली.